आधी काटा तपासा

घरातली वडीलधारी माणसे जिना चढताना कठड्याला धरू लागली, की आपण 'वय झाले' म्हणतो, नाहीतर त्यांना रक्त तपासायला पाठवतो. वयाबरोबर स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. नुसत्या रक्तावरून तो ठरत नाही, हे आम्ही आज सांगू इच्छितो.

कारण मापच अजून भरवशाचे नाही. जीडीएफ-११ हे प्रथिन वयाबरोबर रक्तात घटते, असे २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवरून मांडले. २०१५ साली इतरांनी पडताळले, तेव्हा ते मोजणारे रसायन मायोस्टॅटिन या सारख्याच प्रथिनालाही जीडीएफ-११ समजून मोजत असल्याचे दिसले. काटाच खोटा, तर वजन खरे कसे येणार?

क्रिएटिनिनचेही पाहा. ते स्नायूंतूनच रक्तात येते. म्हणून स्नायू झिजलेल्या माणसाचे मूत्रपिंड बिघडले, तरी आकडा चांगला दिसू शकतो. रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना हे अवश्य विचारा.

मग करावे काय? आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली बिनखर्चाची खूण दिली. हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंची शंका घ्यावी. घरातले कोणी जवळ उभे राहा, म्हणजे तोल जाणार नाही.

वेळ जास्त लागला, तर महागड्या चाचण्यांआधी डॉक्टर गाठा. त्यांच्या सल्ल्याने ताटात डाळ, अंडी वाढवा, रोज थोडा व्यायाम करवून घ्या. आजीचे घामाचे पैसे आधी तिच्या ताटात पडू द्या.