जस्त आधी ताटात शोधा
जस्ताअभावी रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी नीट घडत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीसाठी सर्वांनीच गोळ्या घ्याव्यात, हा युक्तिवाद मला पटत नाही. शरीराला जस्त लागते ते रोज, पण थोडे. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतली तर तांब्याची कमतरता होते आणि प्रतिकारशक्तीच खालावते. शाकाहारी जेवणातले जस्त अंगी कमी लागते, हा आक्षेप रास्त आहे. धान्य-कडधान्यांतले फायटेट नावाचे संयुग ते अडवून धरते. पण मटकीला मोड आणले, आंबोळीचे पीठ आंबवले की फायटेट घटते. अतिसार झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना ओआरएससोबत 10 ते 14 दिवस जस्त द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ 2004पासून सांगत आहेत. तिथे हयगय नको. निरोगी माणसाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये.