वीज गेली, तरी इंटरनेट का जावे?

आषाढातील एखादी संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील तुमच्या गावात पाऊस कोसळत आहे. कुठेतरी झाडाची फांदी तारांवर पडते आणि वीज जाते. घरातील दिव्यांबरोबर भिंतीवरील राउटरही विझतो. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "आता इन्व्हर्टर घेतलाच पाहिजे." माझे मत थोडे वेगळे आहे. इन्व्हर्टर घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरील बारीक अक्षरे वाचावीत.

पूर्वी घरात तारेचा दूरध्वनी होता का, हे आजोबांना विचारा. वीज गेली तरी तो चालत असे, कारण तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर सुमारे ४८ व्होल्टची वीजही येई, आणि ती दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्या पुरवीत. आज घरापर्यंत येतो तो काचेचा बारीक तंतू. तो प्रकाश वाहून नेतो, वीज नाही. म्हणजे विजेची जबाबदारी केंद्राकडून आपल्या घरावर आली, पण ती आली हे आपल्या ध्यानात आले नाही.

ही जबाबदारी किती मोठी आहे? पुष्कळ राउटरांच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिलेले असते. विभवांतर गुणिले विद्युतधारा, म्हणजे फार तर १२ वॅट. एका एलईडी दिव्याइतकीच ही शक्ती! (काचतंतूचा डबा आणि वायफायचा डबा वेगळे असतील, तर दोघांची बेरीज करा.) आता १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी घ्या. तिच्यात ८४ वॅट-तास ऊर्जा मावते. ती पूर्ण रिकामी केल्यास लवकर खराब होते, म्हणून निम्मीच, ४२ वॅट-तास, वापरू. ४२ भागिले १२, म्हणजे साडेतीन तास. राउटरसाठी तयार मिळणारे छोटे यूपीएसही याच तत्त्वावर चालतात.

घरात पंखा चालवायचा असेल, तर इन्व्हर्टर जरूर घ्या. पण केवळ राउटरसाठी तो घेणे म्हणजे पेलाभर पाण्यासाठी टँकर मागवणे होय. इन्व्हर्टर बॅटरीच्या एकदिश विजेची २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज करतो आणि अडॅप्टर तिची पुन्हा १२ व्होल्टची एकदिश वीज करतो. या जाण्यायेण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शिवाय इन्व्हर्टरला स्वतः चालू राहण्यासाठी लागणारी वीज कित्येकदा राउटरइतकीच असते.

मात्र जोडणी करताना घाई नको. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिल्यास तो जळू शकतो. अँपिअरचा आकडा मात्र जास्त असला तरी चालतो, कारण यंत्र हवी तेवढीच धारा घेते. तो कमी असता कामा नये. पिनेचे धन आणि ऋण टोक अडॅप्टरवरील आकृतीत पाहून घ्या. मोटारसायकलची बॅटरी थेट जोडू नका. भारित होताना तिचे विभवांतर १४ व्होल्टच्या वर जाते, आणि फ्यूज नसताना तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागू शकते. पॉवर बँकेवरील १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडाही फसवा असतो. तो सहसा आतील ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो, म्हणजे ऊर्जा ३७ वॅट-तासच.

कोणी विचारील, "आमच्या घरी बॅटरी आहे, पण केबलवाल्याच्या खोलीत वीज नसेल तर?" शंका रास्त आहे. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि दुकानांत कार्डाची यंत्रे आली. अशा यंत्रात स्वतःची बॅटरी असते. तरीही बँकेपर्यंतची वाट कुठेही तुटली की ते मुके होते. साखळीची प्रत्येक कडी जागी राहिली पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक माध्यमिक शाळेने पावसाळ्यातील एक महिना हा प्रयोग करावा. विद्यार्थ्यांनी अडॅप्टरवरील आकडे वाचून घरची गरज काढावी. वीज केव्हा गेली, किती वेळ गेली, आणि बॅटरीवर राउटर चालू असतानाही प्रकाश येत नसल्याचा तांबडा दिवा लागला का, याची नोंद ठेवावी. तो वारंवार लागत असेल, तर दोष बहुधा घराबाहेर आहे. मग शिक्षकांनी ती वही ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. नुसत्या तक्रारीपेक्षा महिन्याभराच्या आकड्यांना उत्तर देणे भाग पडते, आणि ते आकडे जमवणे दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.