हुकूम कुणावर चालतो?

30 सप्टेंबर 1993. आदल्याच दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर जिल्ह्यातले किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर आणि भोवतालच्या गावांतली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे. उन्हाळ्यात गारवा देणारी घरेच काळ झाली.

मी तेव्हा जवळच्याच एका गावी बँकेत अधिकारी होतो. तीन-चार दिवसांनी सास्तूरला गेलो, तेव्हा लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते. पावसाने चिखल झालेला. एका अर्धवट उभ्या भिंतीखाली एक म्हातारबा बसून होते. घरातले कुणी उरले नव्हते आणि ते जागचे हलत नव्हते. माझ्याबरोबरचा कारकून तिथल्या तरुण कॅप्टनला म्हणाला, ‘‘साहेब, हुकूम सोडा. जवान उचलून नेतील.’’

कॅप्टनने मान हलवली. ‘‘इन पर मेरा हुक्म नहीं चलता,’’ एवढेच तो बोलला. मग आपल्या मराठी सुभेदाराकडे वळून म्हणाला, ‘‘सुभेदार साहब, आप समझाइए.’’ सुभेदार म्हाताऱ्याशेजारी चिखलात उकिडवे बसले. ‘‘बाबा, तुमची मान्सं आमी काढतो. पर तुमी उठल्याबिगर माझ्या पोरांना हितं हात घालता येत न्हाई.’’ म्हातारबा उठले.

कॅप्टनचे ते वाक्य तीस वर्षांहून अधिक काळ माझ्या मनात आहे. खांद्यावर तीन तारे, मागे शे-पन्नास जवान आणि तरीही त्याला पक्के ठाऊक होते की आपला हुकूम कुठवर चालतो.

आपल्याकडे ‘कमिशन’ म्हटले की आधी दलाली आठवते. लष्करातले कमिशन म्हणजे राष्ट्रपतींच्या नावाने मिळणारी सनद. ‘तुमच्या निष्ठेवर, धैर्यावर आणि वर्तनावर खास विश्वास ठेवून तुम्हांला नेमीत आहोत’, असा तिचा आशय. सनदेची सुरुवात विश्वासापासून होते, अधिकार त्याच्या मागून येतो. बँकेत आम्हांलाही मंजुरीचे अधिकार असत. ठरलेल्या रकमेपर्यंत सही माझी; त्यापुढचा एक रुपयाही माझ्या सहीने मंजूर होत नसे. खुर्ची तीच, पेन तेच. पण अधिकार खुर्चीत नव्हता, तो कुणीतरी सोपवलेला होता.

सनद कुणाची, यावर अधिकार ठरतो, हे इंग्रजी अमदानीत आपल्या सुभेदारांनी चांगलेच अनुभवले. त्यांना व्हाइसरॉयचे कमिशन असे. ते हिंदी शिपायांवर चाले; पण कालच भरती झालेल्या गोऱ्या सोल्जरवर त्याचा काही अंमल नसे. प्रजासत्ताकाने सनद आपल्या नावावर घेतली. घटनेच्या 53व्या कलमाने सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आणि तेही कायद्याने नियंत्रित राहील असे म्हटले.

खुद्द फौजेतही हुकूम निरंकुश नाही. 1950च्या लष्कर कायद्याचे 41वे कलम वरिष्ठाची अवज्ञा करणाऱ्याला शिक्षा सांगते, पण तिथे शब्द आहे ‘कायदेशीर हुकूम’. बेकायदा जमाव पांगवायला फौज बोलावण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटचा. तो गाठणे शक्यच नसेल आणि धोका उघड असेल, तर कमिशनप्राप्त अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. पण मॅजिस्ट्रेटशी संपर्क होताच त्याने त्यांच्या सूचना पाळायच्या. जुन्या फौजदारी संहितेतली ही तरतूद 2024 साली लागू झालेल्या नव्या संहितेतही कायम आहे.

सनद बघायची की माणूस, हा वाद अलीकडेही झाला. फौजेतले बहुसंख्य जवान ग्रामीण भागातले, ते बाईचा हुकूम मनाने मानणार नाहीत, असा युक्तिवाद सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात झाला. फेब्रुवारी 2020मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि स्त्रियांना कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. मला सास्तूरची आठवण झाली. तिथल्या खेडुतांनी ढिगाऱ्याला हात लावणारा माणूस कोण, हे विचारले नव्हते.

कुठे रस्ता खचला, कचेरीत काम अडले, की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतोच, ‘‘देश लष्कराच्या ताब्यात द्या, चार दिवसांत सरळ होईल.’’ बोलणाऱ्याची चीड खरी असते, निदान मात्र चुकते. 1958नंतर पाकिस्तानात आणि 2021 साली म्यानमारमध्ये ताबा घेऊन झाला; तिथले लोक सुखी झाले असे कुणी म्हणणार नाही. आपल्या फौजेचा आपल्याला अभिमान वाटतो, तो तिच्या बळाचा असतोच. पण ते बळ आपल्या अंगणाच्या उंबऱ्याशी थांबते, याचाही असायला हवा. थांबणे सोपे नसते. घरात बापाला, कचेरीत साहेबाला, गावात पुढाऱ्याला ते किती जड जाते, हे आपण रोज पाहतोच.

सास्तूरचे नंतर पुनर्वसन झाले, नवी घरे उभी राहिली. तो कॅप्टन पुढे कोण झाला, कुठे गेला, मला ठाऊक नाही. त्या दिवशी त्या म्हातारबांना उचलून नेले असते, तरी कुणी जाब विचारला नसता. त्याने तसे केले नाही. सनद देताना ज्या वर्तनावर विश्वास टाकतात, ते बहुधा हेच असावे.