झाडाला कायदा आहे, चढणाऱ्याला दोर नाही

मे महिना लागला की सोसायटीवाल्यांना झाडांची भीती वाटायला लागते. वर्षभर ज्या गुलमोहराच्या सावलीत यांच्या मोटारी उभ्या असतात, तोच गुलमोहर आता मोटारीवर पडेल म्हणून सेक्रेटरीची झोप उडते. मग अर्ज जातो, वृक्ष अधिकारी येतो, शिक्का बसतो. आणि शेवटी ठेकेदार नाक्यावर जाऊन एक काटक पोरगा उचलून आणतो. हातात कोयता, पायात स्लिपर, तीही झाडाखाली काढून ठेवलेली. तो कुठल्या वस्तीतून येतो, हे तुम्हांला-मला सांगायला नको.

शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 सालचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. 2021 साली त्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षांचं आणि त्यावरचं झाड हेरिटेज ठरलं. जेवढं तोडलेल्या झाडाचं वय, तेवढी रोपं लावायची असं ठरलं. चांगलं झालं. आमचं झाडाशी वैर नाही. पण मी विचारतो, झाडाचं वय कागदावर लिहिता, मग चढणाऱ्याचं वय कुठल्या रकान्यात लिहिता? तो अठराचा आहे की पंधराचा? तो पडला की दोनच शब्द उरतात. पाय घसरला.

पाय घसरत नाही मित्रांनो, दोर नसतो.

झाड उतरवणं हे शास्त्र आहे. आधी झाड बघायचं. कल कुठं आहे, बुंधा पोकळ आहे का, वर सुकी फांदी अडकून लोंबतेय का, तार कुठून जाते. पोकळ झाडावर माणूस चढवायचाच नाही, शिडीची गाडी आणायची. तार जवळ असेल तर वीज बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण ओल्या फांदीतून करंट उतरतो. सोसायटीत अख्खं झाड पाडायला जागा नसते. ते शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं, दोरानं बांधून खाली सोडायचं. कापताना चढणारा दोन ठिकाणी बांधलेला पाहिजे, कारण करवतीनं एक दोर कापला तर दुसरा राहतो. फांदीला आधी खालून चीर, मग वरून काप. नाहीतर साल सोलत फांदी उलटी अंगावर येते.

गावाकडं बांधावरचं झाड जमिनीवरून तोडतात, तिथंही तीच तऱ्हा. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला बुंध्याच्या पाव भागाइतकी खाच घ्यायची. मागचा काप तिच्यापेक्षा थोडा वर. मधे बुंध्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. तेवढंच झाडाला दिशा देतं. तेही कापलं की झाड कुणाचं ऐकत नाही. पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ केलेली. बाकीची माणसं झाडाच्या दुप्पट उंचीइतकी लांब. आणि आपल्याकडं काय करतात? शेंड्याला आखूड चऱ्हाट बांधतात आणि चार गड्यांना झाड जिथं पडणार तिथंच उभं करून ओढायला लावतात!

मी गोदीत हमाली करतो. आमच्याकडं स्लिंगवर किती टन उचलायचं ते लिहिलेलं असतं. हवेत लोंबणाऱ्या मालाखाली कुणी उभं राहत नाही. इशारेवाला 'आरिया' म्हणाल्याशिवाय माल खाली येत नाही. साखरेच्या पोत्याला तपासलेला दोर मिळतो, झाडावरच्या माणसाला मिळत नाही. यात कसलं कोडं आहे? पोतं फुटलं तर मालकाचं नुकसान होतं.

यावर पांढरपेशा काय म्हणतो? 'या लोकांच्या रक्तातच असतं हो, माकडासारखी सरसर चढतात!' हे कौतुक नाही. ही जात आहे. ज्याच्या रक्तात कला असते त्याला दोर द्यावा लागत नाही, शिकवावं लागत नाही, पुरी मजुरीही द्यावी लागत नाही. पाटलाच्या वाड्यावर आमच्या आज्यापणज्यांनी वेठीनं लाकडं फोडली, तेव्हाही हेच म्हणत होते, हे त्यांचं कामच आहे. 1958 च्या कायद्यानं महार वतन गेलं. वेठ गेली नाही, फक्त ठेकेदाराच्या वहीत गेली.

म्हणून मागणी सरळ आहे. झाडाच्या परवानगीच्या कागदावर चढणाऱ्याचं नाव आणि वय लिहा. त्याच्या नावानं विमा काढा. पट्टा, दोन दोर, हेल्मेट आणि खाली लक्ष ठेवणारा शिकलेला माणूस असल्याशिवाय परवानगी देऊ नका. आणि वारा सुटला, पाऊस आला, खोड पोकळ निघालं, तर 'चढत नाही' म्हणायचा हक्क त्याला द्या, त्या दिवसाच्या मजुरीसकट.

1969 साली माथाडी-हमालांचा कायदा झाला, तो कुणाला दया आली म्हणून नाही. पाठीवर ओझं वाहणारे एकत्र आले म्हणून झाला. नाक्यावरच्या भावांनो, तुम्हीही एकत्र या. सेक्रेटरीला स्वतः चढता येत नाही, हे तुमचं हत्यार आहे. ते वापरा.

दोर नाही, तर झाड नाही!

जय भीम.