सुरक्षा अधिकारी कोणाचा?

१ ऑगस्ट २०२३ रोजी, मध्यरात्र उलटण्याच्या सुमारास, शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला उत्तरकाशी जिल्ह्यातील सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले; त्यांची सुटका सतराव्या दिवशी झाली. २०१८ साली या बोगद्याला मंजुरी देताना आपत्कालीन सुटकेच्या मार्गाचा उल्लेख सरकारनेच केला होता. प्रत्यक्ष संकटाच्या दिवशी असा मार्ग मजुरांना उपलब्ध नव्हता. यंत्रे थकली तेव्हा हातांनी राडारोडा उकरणाऱ्या कष्टकऱ्यांनीच अखेरचे अंतर कापले. त्यांच्या शौर्याचे गोडवे गाणाऱ्या राज्यकर्त्यांनी एका प्रश्नाला मात्र सोयीस्कर बगल दिली. ‘धोका आहे, काम थांबवा’ असे म्हणण्याचे बळ अशा ठिकाणी कोणाच्या अंगी असते?

कायदा सुरक्षा अधिकाऱ्याकडे बोट दाखवितो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० किंवा अधिक मजुरांच्या कामावर असा अधिकारी व सुरक्षा समिती बंधनकारक केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने अधिकाऱ्यासाठी ही मर्यादा २५० वर आणली. सरकार या सुधारणेची दवंडी पिटणार, हे उघड आहे. परंतु याच संहितेने सुरक्षा समितीची सक्ती काढून ती सरकारच्या आदेशावर सोपविली, आणि निरीक्षकाच्या नावाला ‘सुविधाकार’ हे शेपूट जोडले, हेही तितकेच खरे.

मूळ दुखणे याहून खोल आहे. सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक मालक करतो, पगार मालक देतो. डोंगरातल्या बोगद्यावर वा धरणाच्या कामावर त्याचे राहणे-जेवणही कंत्राटदाराच्याच छावणीत. मुदत पाळण्याची घाई ज्याला, त्याचेच काम याने अडवायचे! शिरस्त्राणे वाटावी, फलक लावावे, नोंदवह्या भराव्या, येथवर त्याचे कौतुक होते. काम थांबविण्याची भाषा त्याने केली की तो प्रगतीचा शत्रू ठरतो. आणि अपघात घडला की जबाबदारीचे खापर फोडायला त्याच्याइतके सोयीचे डोके दुसरे नसते. अधिकाराविना जबाबदारी म्हणजे न्याय नव्हे. ती भांडवलाने उभी केलेली ढाल होय.

मजुराची स्थिती तर याहून असहाय. नव्या संहितेनुसार जिवावरचा धोका दिसल्यास त्याने तो मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालावा, आणि मालकाची खात्री पटल्यास त्याने उपाय योजावा! छप्पर कोसळत असताना खात्री कोणाची पटावयाची? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम सुरक्षा कराराने निकट व गंभीर धोक्यापासून दूर होण्याचा मजुराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. झारखंड-बिहारहून आलेल्या, मुकादमाच्या उचलीत बांधल्या गेलेल्या मजुराला त्या हक्काची गरज सर्वांत अधिक आहे.

अशा कडक नियमांनी विकास रखडेल, असे सांगितले जाईल. सतरा दिवस बोगदा बंद राहिला, तेव्हा कोणता विकास धावत होता? आणि रखडण्याचा हिशेब मांडायचाच, तर ज्या वीस घरांची चूल विझली त्यांचाही मांडला पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक व वेतन कंत्राटदाराच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावे, आणि त्याचा खर्च कंत्राटदाराकडून वसूल करावा. काम थांबविण्याच्या त्याच्या लेखी आदेशाला कायद्याचे बळ असावे, व तो आदेश दिल्याबद्दल त्याला हटविता येऊ नये. प्रत्येक मोठ्या कामावर मजुरांनी निवडलेल्या प्रतिनिधींची समिती सक्तीची असावी. धोक्याच्या जागेतून, मजुरी न गमावता, बाजूला होण्याचा हक्क प्रत्येक मजुराला मिळावा.

या मागण्या दिल्लीच्या दयेने पदरात पडणार नाहीत. कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलेली कामगार चळवळ दूर डोंगरातल्या छावणीपर्यंत क्वचितच गेली. तेथे संघटना पोहोचेल, तेव्हाच सुरक्षा अधिकारी मालकाचा न राहता मजुरांचा होईल.