परीक्षेचे दार उघडे, शाळेचे मात्र बंद!

वाचकहो, स्वीडन हा देश आज स्त्री-पुरुष समतेचा आदर्श म्हणून दाखविला जातो. तेथील विद्यापीठांत आज विद्यार्थिनींचीच संख्या अधिक आहे. हे पाहून कित्येक विद्वान म्हणतात, 'तो देश मुळातच उदार. तेथे शिक्षण पसरले आणि हक्क आपोआप आले.' हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तेथील इतिहास तपासा, म्हणजे तेथील स्त्रीला एकही हक्क आपोआप मिळालेला नाही हे दिसून येईल.

१६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येकास धर्मवचने वाचता आली पाहिजेत असा दंडक घातला. पाद्री घरोघरच्या माणसांची परीक्षा घेई. धर्मतत्त्वे न येणाऱ्यास विवाहाचीही अनुमती मिळत नसे. त्यामुळे शेतकऱ्याची मुलगीही वाचावयास शिकली. परंतु हे वाचन कशासाठी? तिने विचार करावा म्हणून नव्हे, तर आज्ञा पाळावी म्हणून! लेखन शिकविण्याची सक्ती त्या कायद्यात नव्हती. ज्याला वाचता येते पण लिहिता येत नाही, त्याला दुसऱ्याचे ऐकता येते. स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही.

१८४२ साली प्रत्येक पॅरिशने प्राथमिक शाळा चालवावी असा कायदा झाला. त्या शाळेत मुलीही बसल्या. पण पुढे काय? सरकारी पैशाने चालणारी माध्यमिक विद्यालये केवळ मुलांसाठी होती. १८५६ साली फ्रेड्रिका ब्रेमर या लेखिकेने 'हेर्था' ही कादंबरी लिहून कायद्याने आजन्म अज्ञान ठरविलेल्या अविवाहित स्त्रीची कैफियत मांडली आणि देशभर वाद पेटला. १८६१ साली सरकारने स्टॉकहोमला शिक्षिकांसाठी उच्च अध्यापन विद्यालय काढले. १८७० साली मुलींना प्रवेश परीक्षेस बसण्याची परवानगी मिळाली आणि १८७३ साली विद्यापीठाचे दार उघडले. त्यातही अपवाद ठेवलेच. धर्मशास्त्र त्यांपैकी एक होते.

आता या परवानगीचे खरे स्वरूप पाहा. परीक्षेस बसा, असे सरकार म्हणाले. पण त्या परीक्षेची तयारी करून घेणारी सरकारी विद्यालये मुलींना १९२७ पर्यंत बंदच होती. परीक्षा १८७० साली, शाळा १९२७ साली! मधली ५७ वर्षे मुलींनी काय करावयाचे? खाजगी शिकवणी लावावयाची, नाही तर फी भरून खाजगी कन्याशाळेत जावयाचे. स्टॉकहोमच्या वालिन्स्का शाळेला १८७४ साली ही परीक्षा घेण्याचा अधिकार मिळाला. परंतु फी कोणाची मुलगी भरणार? श्रीमंताची. मजुराच्या मुलीला हा हक्क केवळ कागदावर होता. खोगीर बनविणाऱ्या कारागिराची मुलगी बेटी पेटरसन १८७२ साली उप्सालाची पहिली विद्यार्थिनी झाली, तीही खास सवलतीने. सवलत एका व्यक्तीला मिळते. हक्क सर्वांचा असतो. एका बेटीचे नाव पुढे करून हजारो मुलींच्या बंद दाराकडे दुर्लक्ष करणे हा न्याय नव्हे.

पदवी मिळाली तरी अडसर निघाला नाही. एल्सा एशेलसन १८९७ साली कायद्याची डॉक्टर झाली व उप्सालास शिकवू लागली. पण राज्यघटनेत सरकारी पदे 'स्वीडिश पुरुषांना' द्यावीत असे शब्द होते, आणि विद्यापीठाचे प्राध्यापकपद हे सरकारी पद होते. १९११ साली ती मरण पावली. प्राध्यापक मात्र झाली नाही. सोफिया कोवालेव्हस्काया ही रशियन गणिती १८८९ साली स्टॉकहोमला कायम प्राध्यापक होऊ शकली, कारण ते उच्च विद्यालय खाजगी होते! बुद्धीचा प्रश्न कोठे होता? प्रश्न घटनेतील एका शब्दाचा होता. त्याच अध्यापन विद्यालयात शिकलेल्या सेल्मा लागेरलॉफ हिला १९०९ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा संसदेच्या निवडणुकीत तिला मत नव्हते. स्त्रियांनी ते मत प्रथम १९२१ साली दिले. बहुतेक सरकारी पदे १९२५ साली खुली झाली. पाद्रीपदाचा कायदा १९५८ साली झाला आणि पहिल्या तीन स्त्रियांना दीक्षा १९६० साली मिळाली. ज्या चर्चने १६८६ साली स्त्रीला वाचावयास लावले, त्याच चर्चने तिला धर्मपीठावर येऊ देण्यास पावणेतीनशे वर्षे घेतली!

वाचकहो, यातून बोध काय घ्यावयाचा? 'आधी शिका, मग हक्क मागा' हा उपदेश फसवा आहे. स्वीडनची स्त्री शिकली होती, पदवीधर झाली होती, जगाने तिचा गौरव केला होता. तरी कायदा बदलेपर्यंत ती दाराबाहेरच उभी होती. शिक्षणाने मागणी करण्याचे बळ येते; मागणीची जागा शिक्षण घेऊ शकत नाही. म्हणून यापुढे कोणी 'दार उघडले आहे' असे सांगितले, तर त्याला तीन प्रश्न विचारा : तेथवर जाणारी शाळा कोठे आहे? तिची फी कोण भरणार? आणि शिकून बाहेर पडल्यावर खुर्ची मिळणार की नाही? या तिन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळेपर्यंत आभार मानू नका. मागणी चालू ठेवा!