भाकरी थापणारे हात

सकाळी आमची एस. टी. चौसाळ्यात थांबते. खाली उतरलेल्या मुलांचे पाय आधी महाविद्यालयाकडे वळत नाहीत. ते वळतात धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या हॉटेलांकडे. तिथे कढईत भजी तळत असतात. मुली मात्र सरळ वर्गात जातात. त्यांच्या पिशवीत डबा असतो. गेल्या वर्षापर्यंत मीही हॉटेलाकडे वळणाऱ्यांपैकीच एक होतो.

'घरचे खावे, बाहेरचे टाळावे' हा उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे. तो चुकीचा मुळीच नाही. तेच ते तेल वारंवार तापवले की ते आरोग्यास घातक होते. मैद्यातला कोंडा तर गिरणीतच निघून गेलेला असतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, मैद्यात ३ ग्रॅमही नसतात. भाकरी आणि तुरीचे वरण ही जोडी प्रथिनांच्या बाबतीत एकमेकांची उणीव भरून काढते. वर लिंबाची फोड पिळली तर अन्नातले लोह अंगी अधिक लागते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. आमच्या आजीच्या ताटात ते धान्य जन्मभर आहे.

पण मित्रांनो, या उपदेशात एक गोष्ट सांगायची राहून जाते. घरचे खायचे, पण ते करायचे कोणी? आपल्या वर्गभगिनी पहाटे उठून भाकरी थापतात, भावाचाही डबा भरतात आणि मग धावत एस. टी. गाठतात. घरात शेवटी जेवते तीही रांधणारीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सकस अन्न शिजवणारीच अशी निःसत्त्व राहावी, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

माझे डोळे उघडले ते दिवाळीनंतर. उचल घेतलेली असल्याने आई-वडील ऊसतोडीला गेले. घरी मी आणि आजी. आजीचे हात आता थरथरतात. महिनाभर मी हॉटेलात खाल्ले. पैसे संपले आणि पोटही बिघडले. तेव्हा आजी म्हणाली, "आरं, औत धरायला हात हायेत, मंग पिठात घालायला काय झालं?"

पहिली भाकरी परातीतच मोडली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून त्यात कढत पाणी घालून ते चांगले मळावे लागते, हे आजीने समजावले. थापलेली भाकरी तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग विस्तवावर शेकायची. आठवडाभराने माझी एक भाकरी टम्म फुगली. पिठले आणि चार भाकरी यांना आता मला पाऊण तास पुरतो.

'लोक हसतील' असे काही मित्र म्हणतात. पण आपण ज्या हॉटेलात खातो तिथला आचारी पुरुषच असतो ना? त्याला कोणी हसत नाही. मग घरच्या चुलीपाशीच कमीपणा का वाटावा? प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवण रांधून घालणाऱ्या बायकांना त्यांनी संघटित केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले. रांधणे हेही श्रमाचे काम आहे, हे त्यातून सर्वांना दिसले. घरातल्या रांधण्याला मात्र आपण अजून काम म्हणत नाही.

ऊसतोडीचा हंगाम संपवून आई परत आली, त्या रात्री मी तिला आधी जेवायला बसवले. तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात वाढली. ती खाली मान घालून जेवत राहिली. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "गरम भाकर किती दिसांनी खाल्ली रं."

हॉटेल टाळायचे तर आईच्या वा बहिणीच्या वाट्याचे काम वाढवून ते टाळू नये. आपला हात जगन्नाथ म्हणतात, तो हात प्रथम पिठाला लागू द्या!

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष